हिवाळ्यात चाकांवरचे घर

गाझियाबादमधील शाळांना थंडीची सुटी लागते ती नेमकी धुके उतरते तेव्हाच. डिसेंबरच्या अखेरीपासून संक्रांतीच्या आसपासपर्यंत शाळा बंद असतात आणि थंडीची लाट आलीच तर जिल्हाधिकारी सुटी आणखी चार दिवस वाढवतात. याच दिवसांत हिंडन नदीकडून असे धुके पसरते की समोरच्या इमारतीचा तिसरा मजला दिसेनासा होतो. इंदिरापुरम, वसुंधरा, राजनगर एक्स्टेन्शन अशा वसाहतींत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे मग दरवर्षीचाच प्रश्न उभा राहतो. नाशिकला, जळगावला आजी-आजोबा नातवंडांची वाट पाहत असतात. मंगला एक्सप्रेसचे आरक्षण मिळत नाही आणि मिळालेच, तर धुक्यात अडकलेली गाडी किती तास उशिरा सुटेल ते स्टेशनमास्तरही सांगू शकत नाही.

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला एक नवेच उत्तर पुढे आले आहे. ते म्हणजे चाकांवरचे घर. झोपायला बिछाने, छोटीशी शेगडी, भांडी घासायची मोरी आणि जमल्यास शौचालय असलेली गाडी भाड्याने घ्यायची किंवा आपल्या मोटारीमागे तसा ट्रेलर जोडायचा आणि मुक्काम करीत करीत गाव गाठायचे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, केरळनेही त्याच वर्षी आणले. दिल्लीच्या परिसरात अशा गाड्या चालकासह भाड्याने मिळू लागल्या. हौशी मंडळी तर टेम्पो ट्रॅव्हलर विकत घेऊन सुताराकडून आत पलंग आणि कपाटे बसवून घेतात.

कल्पना मोठी लोभस आहे. मुलांना तर आगगाडीपेक्षा, हॉटेलपेक्षा हेच हवे असते. मात्र गृहिणीने एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. स्वयंपाकघर बरोबर नेले की स्वयंपाकही बरोबर येतो. कोणत्या दिवशी कोण चहा करणार आणि भांडी कोण विसळणार, हे गाझियाबाद सोडण्यापूर्वी ठरले नाही तर सहल चौघांची आणि सुटी तिघांची असा प्रकार होतो.

गाडीवरचा संसार जुनाच

चाकांवरचे घर ही काही परदेशातून आलेली नवलाई नव्हे. गाझियाबाद आणि दिल्लीच्या रस्त्यांच्या कडेला आजही गाडिया लोहारांची पाले दिसतात. चितोड पडल्यावर, किल्ला पुन्हा आपला होईपर्यंत घरात राहायचे नाही, अशी शपथ आपल्या पूर्वजांनी घेतली होती, असे हे लोक परंपरेने सांगतात. १९५५ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत त्यांना समारंभाने चितोडगडावर नेण्यात आले. तरीही पुष्कळांचा संसार गाडीपाशीच राहिला. पितळी पत्रे ठोकलेली ती जड लाकडी गाडी, तिच्यावर पेटारे आणि खाट, आणि शेजारी जमिनीवर धगधगणारी भट्टी.

महाराष्ट्रात दसरा झाला की बीड आणि अहिल्यानगरच्या कोरडवाहू भागांतून ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्या पश्चिम महाराष्ट्राच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. पोरेबाळे, शेळ्या, पीठ, भांडी, सगळे त्याच ट्रॉलीत. पुढचे पाच-सहा महिने उसाच्या फडाजवळची कोपी हेच घर. ही सहल नव्हे, पोटामागे धावणे आहे. तेव्हा हौसेने बाहेर पडणाऱ्यांनी त्याचे कौतुक करण्यात अर्थ नाही. पण थंडीत उघड्यावर संसार कसा टिकवायचा याचे ज्ञान या लोकांजवळ आहे, आणि त्यातील एक बाब तर प्रत्येक प्रवाशाने पाठ करावी अशी आहे. लोहाराची भट्टी गाडीच्या बाहेर असते. कितीही कडाक्याची थंडी पडली तरी ती कुणी गाडीत चढवत नाही.

ओझे कुठे ठेवायचे

चाकांवरचे घर दोन प्रकारचे असते. एक, ज्यात इंजिन आणि घर एकत्रच असते. दुसरे म्हणजे मोटारीमागे आकड्याला जोडायचा ट्रेलर. ट्रेलरची सोय अशी, की मुक्कामावर तो सोडून मोटार घेऊन गावात जाता येते. परंतु त्याच्या काही मागण्याही आहेत. आपली मोटार किती वजन ओढू शकते हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते, ते पाहावे. त्या आकड्याच्या वर जाऊ नये आणि अगदी काठावरही राहू नये. ट्रेलरची नोंदणी स्वतंत्र असते, त्याला स्वतःची नंबरप्लेट लागते आणि विमा कंपनीलाही तो कळवावा लागतो. काही छोट्या ट्रेलरना स्वतःचे ब्रेकच नसतात. तेव्हा सगळा भार पुढच्या मोटारीच्या ब्रेकवर येतो.

सामान भरण्याची रीत बैलगाडी हाकलेल्या कुणाही आजोबांना विचारावी. मागे जास्त भार भरला की गाडी उलाळ होते, म्हणजे मागे कलते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे फार भरला तर बैलांची मान दबते. ट्रेलरचेही तसेच आहे. पाण्याचे पिंप, गॅसची टाकी, धान्याचा डबा अशा जड वस्तू खाली आणि चाकांच्या आसाजवळ ठेवाव्यात. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या आकड्यावर यावा असा सर्वसाधारण नियम आहे. भार मागे गेला तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. असे झाले की नवखा चालक घाबरून जोरात ब्रेक दाबतो, आणि तेच सर्वांत वाईट. स्टिअरिंग सरळ धरावे, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढावा आणि वेग आपोआप उतरू द्यावा.

गाडी चालू असताना ट्रेलरमध्ये कोणीही बसू नये. "मुले आत झोपली आहेत, कशाला उठवायची?" हा युक्तिवाद दर सहलीत निघतो. आजीचे पाय आखडले म्हणून त्यांना मागे पलंगावर आडवे करावे, असेही कुणी तरी सुचवतो. ट्रेलरमध्ये सीटबेल्ट नसतो आणि आतला माणूस संकटात असला तरी पुढे त्याचा आवाज पोचत नाही. सगळ्यांनी मोटारीत बसावे. पाय आखडले तर दर दोन तासांनी थांबावे.

धुके आणि उसाच्या ट्रॉल्या

हवामान खात्याच्या भाषेत २०० मीटरच्या आतले दिसेनासे झाले की ते दाट धुके, आणि ५० मीटरच्या आतलेही दिसेना की अतिदाट. आता हिशेब करून पाहावा. ताशी ८० किलोमीटरने जाणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर पुढे सरकते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद सहज जातो, म्हणजे ३३ मीटर तिथेच संपले. त्यानंतर गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावरही चाळीसेक मीटर लागतात. बेरीज ७० मीटरच्या पुढे गेली आणि दिसत होते ते फक्त ५०. ताशी ४० किलोमीटरचा वेग असेल तर हीच गाडी ३० मीटरच्या आत थांबते. मागे ट्रेलर असेल तर या प्रत्येक आकड्यात भर घालायची.

ग्रेटर नोएडाहून आग्र्याला जाणारा १६५ किलोमीटरचा यमुना एक्सप्रेस वे २०१२ मध्ये खुला झाला. एरवी तिथे मोटारींना ताशी १०० किलोमीटरची परवानगी असते. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ही मर्यादा खाली आणली जाते. नोव्हेंबर २०१७ मध्ये धूर आणि धुके मिसळलेल्या एका सकाळी याच रस्त्यावर डझनभराहून अधिक गाड्या एकामागून एक आदळल्या. ती चित्रफीत पुष्कळांनी पाहिली असेल. आदळलेल्या गाड्यांतून माणसे उतरून बाजूला पळत आहेत आणि धुक्यातून नवनव्या गाड्या येऊन धडकतच आहेत. रस्ता रुंद, सरळ आणि गुळगुळीत असल्याने चालकाला आपण वेगात आहोत हे जाणवत नाही, हेच त्या रस्त्याचे दुखणे.

गाझियाबादभोवतीच्या रस्त्यांवर आणखी एक धोका असतो, आणि तो महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला चांगलाच ओळखीचा असावा. मोदीनगर आणि सिंभावलीचे साखर कारखाने याच दिवसांत चालू असतात. मेरठ आणि गढमुक्तेश्वरच्या बाजूंना उसाने भरलेल्या ट्रॉल्या धुक्यात संथपणे चाललेल्या असतात. बाजूंनी ऊस बाहेर आलेला, मागे दिवा नाही, कित्येकदा लाल कापडही नाही. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरकडे गळीत हंगाम सुरू झाला की पोलीस आणि कारखाने ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्या लावण्याची मोहीम काढतात ती याच कारणाने. मागून येणाऱ्याला आपलाही ट्रेलर असाच अंधारातला ढीग वाटू नये म्हणून त्याच्या मागच्या बाजूला आणि दोन्ही कडांना लाल-पांढऱ्या चकाकत्या पट्ट्या चिकटवाव्यात. ट्रेलर जोडल्यावर एकाने मागे उभे राहावे आणि दुसऱ्याने ब्रेक, डावा-उजवा इशारा, मागचे दिवे एकेक करून लावून पाहावेत. पाच मिनिटांचे काम आहे.

धुक्यात हेडलाइट खाली ठेवावेत. वरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. चारही इशारे लुकलुकत ठेवून गाडी चालवण्याची उत्तरेत फार सवय आहे. त्यामुळे गाडी उभी आहे की चालती, वळणार आहे की नाही, हे मागच्याला कळत नाही. ते दिवे थांबलेल्या गाडीसाठी आहेत. आणि थांबायचे तर रस्त्याच्या कडेला नव्हे. पेट्रोल पंप, ढाबा, टोलनाक्याजवळची मोकळी जागा गाठावी. धुक्यात रस्त्याच्या कडेला उभी असलेली गाडी पाठून येणाऱ्याला चालत असल्यासारखी वाटते आणि तो तिच्याच मागच्या दिव्यांचा माग काढत येतो.

सगळ्यांत सोपा उपाय घड्याळातच आहे. सकाळी दहाच्या आधी निघायचे नाही आणि संध्याकाळी पाचनंतर चालायचे नाही. "पहाटे चारला निघू, रस्ता मोकळा मिळेल," हा महाराष्ट्रातला शहाणपणा जानेवारीत हिंडनच्या काठी उपयोगी पडत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी वर्तमानपत्रात आणखी एक गोष्ट पाहावी. दिल्लीच्या परिसरात हवा फार बिघडली की 'ग्रॅप' नावाचे निर्बंध पायऱ्यापायऱ्यांनी लागू होतात. तिसऱ्या पायरीला बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल मोटारींना दिल्लीबरोबर गाझियाबाद जिल्ह्यातही बंदी येते. जुनी डिझेल गाडी विकत घेऊन तिचे घर बनवणाऱ्यांना ही अडचण हटकून गाठते.

बंद दाराआडची हवा

एवढे सांभाळून गाडी मुक्कामाला पोचली की सगळ्यांना वाटते, आता धोका संपला. थंडीतल्या चाकांवरच्या घराचा खरा धोका मात्र तिथूनच सुरू होतो.

रात्री आठ वाजता ग्वाल्हेरजवळ एखाद्या ढाब्यामागे गाडी उभी आहे असे समजू या. बाहेर पाच-सहा अंश तापमान. गाडीचा पत्रा हाताला चटका बसावा इतका गार. मुले कुडकुडत आहेत, आजी शाल लपेटून बसल्या आहेत. ढाबेवाला मोठा प्रेमळ असतो, तो म्हणतो, "बाबूजी, अंगीठी दे दूँ?" तंदुरातले लालबुंद निखारे एका घमेल्यात येतात. दार लावले जाते, खिडक्या तर आधीच बंद आहेत. दहा मिनिटांत आत कशी छान ऊब येते. धूरही दिसत नाही, वासही येत नाही. सगळे निश्चिंत झोपतात.

निखाऱ्यातून धूर येत नाही म्हणून तो निर्धोक, हा समज जीवघेणा आहे. कोळसा, लाकूड, गॅस, डिझेल यांपैकी काहीही अपुऱ्या हवेत जळले की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही की त्याने ठसका लागत नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशे पटींहून अधिक घट्ट पकडते. त्यामुळे श्वास नेहमीसारखा चालू राहतो आणि तरीही शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके जड होते, मग मळमळ, चक्कर, हातापायांतली शक्ती गेल्यासारखे वाटणे. दिवसभर प्रवास झालेला असतो, ढाब्यावर तेलकट खाल्लेले असते. साहजिकच "दमणूक झाली", "बाहेरचे बाधले" असे म्हणून माणूस पांघरूण डोक्यावर ओढून घेतो. झोपलेल्याला तर एवढीही सूचना मिळत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन या थंड हवेच्या ठिकाणी केरळचे आठ पर्यटक, त्यांतली चार मुले, एकाच खोलीत झोपले असता मृत्यू पावले. खोलीत गॅसचा हीटर चालू होता आणि दारे-खिडक्या बंद होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये जॉर्जियातील गुदौरी या बर्फाळ गावी एका उपाहारगृहाच्या वरच्या मजल्यावर झोपलेले अकरा भारतीय कामगार सकाळी उठलेच नाहीत. तिथे झोपण्याच्या खोल्यांजवळ जनरेटर चालवल्याचे तपासात आढळले. आणि त्याच महिन्यात केरळमध्ये वडकराजवळ रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत सापडली. कालिकतच्या एनआयटीमधील तज्ज्ञांच्या मदतीने तपास झाला, तेव्हा जनरेटरचा धूर गाडीच्या तळातल्या भोकातून आत शिरल्याचे दिसले. केरळात तर थंडीही नव्हती. म्हणजे शेकोटी नसली तरी धोका टळला असे होत नाही.

म्हणून चाकांवरच्या घरात झोपणाऱ्यांनी काही गोष्टी निक्षून पाळायला हव्यात. शेगडी, अंगीठी, निखाऱ्याचे घमेले, गॅसचा हीटर यांपैकी काहीही आत पेटवून झोपायचे नाही. विझत आलेले निखारे तर अधिकच वाईट. वरून राख धरलेला कोळसा आतून धुमसत असतो. "खिडकी बोटभर उघडी ठेवली आहे ना," ही पळवाट चालत नाही. निखाऱ्यापुढे ती फट पुरत नाही. स्वयंपाक शक्यतो बाहेर, पडवीसारख्या ताडपत्रीखाली करावा. पाऊस किंवा वारा असेल आणि आतच शेगडी पेटवावी लागली, तर दार उघडे ठेवून झटपट चहा किंवा खिचडी करून ती लगेच बंद करावी. गॅसवर हात शेकत बसू नये. जनरेटर लावायचाच असेल तर तो गाडीपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला असावा, शेजारी कुणी झोपलेले नाही हेही पाहावे. ऊब मिळावी म्हणून मोटारीचे इंजिन रात्रभर चालू ठेवणे हाही तसलाच प्रकार.

कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे, बॅटरीवर चालणारे छोटे भोंगे आता आपल्याकडेही मिळतात. ते झोपण्याच्या उंचीच्या आसपास लावावेत. सोफ्याच्या नव्या कापडावर हजारो रुपये घालणाऱ्यांनी यावर काटकसर करावी हे विचित्रच.

कुणाला एकाएकी डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली, आणि विशेषतः दोघांना एकदमच झाली, तर कारणाचा विचार करीत बसू नये. सगळ्यांना आधी बाहेर मोकळ्या हवेत आणावे आणि ११२ किंवा १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. करोनाच्या साथीपासून घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. या बाबतीत त्यावर मुळीच विश्वास ठेवू नये. साध्या ऑक्सिमीटरला प्राणवायू आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही. रोगी बेशुद्ध पडत असतानाही ते ९८ दाखवू शकते. डॉक्टरांना "गाडीत शेगडी होती" हे आवर्जून सांगावे, म्हणजे नेमकी रक्ततपासणी होईल आणि प्राणवायू ताबडतोब सुरू करता येईल. गरोदर स्त्री, तान्हे मूल आणि हृदयरोगी यांच्या बाबतीत तर तासभरही वाट पाहू नये.

मग ऊब कशाची?

शेगडी नाही तर काय करायचे? सुदैवाने उत्तर भारतातल्या मैदानी थंडीला आगीची गरज नसते. गाझियाबाद, आग्रा, ग्वाल्हेर येथे पारा रात्री तीन-चार अंशांपर्यंत उतरतो, शून्याच्या खाली क्वचितच. एवढी थंडी चांगल्या रजईने आवरते.

थंडी वरून जेवढी लागते तेवढीच खालूनही लागते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पातळ गादीखाली पत्रा असेल तर वर दोन रजया घेऊनही पाठ गार राहते. गादीखाली जाड सतरंजी किंवा फोमची चटई घालावी. झोपण्यापूर्वी रबरी पिशवीत गरम पाणी भरून पायांशी ठेवावे, पिशवीला टॉवेल गुंडाळावा. कोरडे लोकरी मोजे आणि कानटोपी रात्रीसाठी वेगळी काढून ठेवावी. दिवसभर घातलेल्या कपड्यांत घाम मुरलेला असतो, ते अंगावर ठेवून झोपले की पहाटे हुडहुडी भरते.

विजेच्या हीटरचा मोह होईल. परंतु १२ व्होल्ट आणि १०० अँपिअर-तास अशी बॅटरी म्हणजे एकंदर बाराशे वॅट-तासांचा साठा. हजार वॅटचा हीटर ती तासाभरात बसवतो आणि सकाळी पंप चालत नाही, दिवा लागत नाही. ढाब्याची वायर ओढून घेतली, तर तिचे अर्थिंग कुणी पाहिलेले असते?

आणखी एक त्रास पहाटे लक्षात येतो. छतावरून पाणी ठिबकते आहे, उश्या ओल्या झाल्या आहेत आणि बाहेर पाऊस तर नाही. हे पाणी माणसांच्या श्वासाचे असते. चार माणसे बंद गाडीत आठ तास झोपली तर श्वासातून आणि त्वचेतून लिटरभर तरी पाणी हवेत सोडतात. गार पत्र्याला लागून त्याचे थेंब होतात. आग नसली तरी म्हणूनच खालून एक आणि वरून एक झरोका रात्रभर उघडा हवा. थोडी थंडी आत येईल, येऊ द्यावी. कोरड्या रजईत ती सोसवते, ओल्या रजईत नाही.

गॅसच्या टाकीबद्दल थोडे. आपल्या स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर तो तळाशी साठतो. टाकी बाहेरच्या बाजूला, खाली झरोका असलेल्या कप्प्यात उभी ठेवावी, रबरी नळीची मुदत पाहावी आणि गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद असावा. थंडीत टाकीतून गॅस कमी येतो म्हणून तिच्यावर गरम पाणी ओतण्याचा किंवा ती शेगडीजवळ सरकवण्याचा उद्योग करू नये.

वाट आणि मुक्काम

गाझियाबादहून ईस्टर्न पेरिफेरलने ग्रेटर नोएडा, तिथून आग्रा, आणि मग जुना आग्रा-मुंबई रस्ता. धौलपूरला चंबळ ओलांडली की मोरेना, ग्वाल्हेर, शिवपुरी, गुणा, ब्यावरा, देवास, इंदूर, सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव आणि नाशिक. एकूण अंतर सुमारे १,३०० किलोमीटर. मोटारीने दोन दिवसांत पोचणारे लोक आहेत. ट्रेलर घेऊन, हिवाळ्यात, लहान मुलांसह चार दिवस धरावेत. पहिला मुक्काम आग्रा किंवा फार तर ग्वाल्हेर, दुसरा गुणा, तिसरा इंदूर.

या वाटेची एक गंमत आहे. ग्वाल्हेर शिंद्यांचे, देवास पवारांचे, इंदूर होळकरांचे. ज्या वाटेने मराठी फौजा उत्तरेत आल्या, जवळजवळ त्याच वाटेने हे कुटुंब सुटीला गावी निघालेले असते. मुलांना इतिहासाच्या पुस्तकातली नावे मैलाच्या दगडांवर भेटतात. इंदूरच्या दुकानात तर मराठीत बोलायला सुरुवात केली तरी पुष्कळदा उत्तर मराठीतच येते.

आपल्या देशात अशा गाड्यांसाठी बांधलेले तळ अजून फारच थोडे आहेत. त्यामुळे पाणी भरणे, शौचालयाची टाकी रिकामी करणे या गोष्टी प्रत्येक ठिकाणी विचारूनच कराव्या लागतात. ती टाकी शेतात किंवा नाल्यात ओतणारे लोक पुढच्या प्रवाशाची जागाही घालवतात. मोठा पेट्रोल पंप किंवा कुटुंबांची वर्दळ असलेला ढाबा पाहून, तिथे जेवण घेऊन, मालकाची परवानगी मागितली की सहसा नकार मिळत नाही. बायकांना रात्री बाहेर पडावे लागू नये अशी सोय गाडीतच असावी. एका रात्री तरी, विशेषतः अतिदाट धुके पडले असेल किंवा आजींना खोकला झाला असेल, तर गाडी अंगणात लावून सरळ लॉजमध्ये खोली घ्यावी. चाकांवरचे घर बरोबर आहे म्हणून त्यातच झोपले पाहिजे, असा काही हट्ट नाही. लॉजच्या खोलीतही दार लावण्यापूर्वी अंगीठी बाहेर आहे ना, हे मात्र पाहावे.

शिवपुरीच्या पुढे साधारणपणे धुके विरळ होत जाते. सेंधव्यानंतर बिजासनचा घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरले तर ब्रेक तापून निकामी होतात. मागच्या ट्रेलरचा रेटा इथे चांगलाच जाणवतो. घाट उतरला की खानदेश. रस्त्याकडेला शेवभाजीच्या पाट्या दिसू लागतात आणि दुपारी अंगातला स्वेटर नकोसा होतो. शिरपूरच्या आसपास कुठे तरी तास-दोन तास थांबावे, गाडीची सगळी दारे-खिडक्या सताड उघडावीत आणि तीन रात्री दमट झालेल्या रजया, गाद्या, उश्या उन्हात पसराव्यात. नाशिकला सासूबाईंच्या पलंगावर ओल्या रजया टाकण्यापेक्षा ते बरे.